कंबर धरली की किती दिवस पडून राहायचे?

कंबर धरली की डॉक्टरकडे जाण्याआधी घरातच निदान होते. ‘मणक्यात गॅप पडला’, ‘गादी सरकली’, ‘शीर दबली’ ही तीन नावे आता खेडोपाडी सर्वांना तोंडपाठ आहेत. निदानापाठोपाठ सल्ले सुरू होतात. कोणी पलंगावर फळी टाकून तीन आठवडे हलू नका म्हणते, तर कोणी उसण भरली आहे असे ठरवून पायाळू माणसाचा पाय कंबरेला लावून घ्यायला सांगते. शेजारच्या गावात मणका बसवून देणारा कोणीतरी हमखास असतोच.

दवाखान्यात आल्यावर रुग्णाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, ‘डॉक्टर, किती दिवस झोपून राहू?’ हा प्रश्न साधा नाही. रोजंदारीवर जाणाऱ्याच्या घरात तीन आठवडे अंथरुणावर म्हणजे तीन आठवड्यांची मजुरी बुडणे होय. गृहिणीला तर इतकी सुट्टी कोणी देतच नाही. म्हणून विश्रांती किती घ्यावी आणि कशी घ्यावी हे नीट समजून घेतले पाहिजे. याचे उत्तर गेल्या चाळीस वर्षांत पुष्कळ बदलले आहे, पण ते अजून सर्वांपर्यंत पोचलेले नाही.

ही तक्रार किती सार्वत्रिक आहे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. कामापासून माणसाला दूर ठेवणाऱ्या दुखण्यांत तिचा क्रमांक पहिला लागतो.

कंबरेत नेमके काय होते?

आपल्या पाठीचा कणा एकावर एक रचलेल्या मणक्यांचा बनलेला असतो. कंबरेच्या भागात असे पाच मणके असून ते सर्वांत मोठे असतात, कारण वरच्या सगळ्या धडाचा भार त्यांच्यावर येतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते. तिलाच लोक गादी म्हणतात. या चकतीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे असते आणि आत मऊ, पाणीदार गर असतो. कडे कमकुवत झाले की ते एका बाजूला फुगते, आणि कधी फाटून आतला गर बाहेर येतो. ‘गादी सरकली’ म्हणतात ते हेच. खरे तर चकती जागची हलत नाही. ती वरखालच्या मणक्यांना घट्ट जोडलेली असते. त्यामुळे ती हाताने दाबून, पाय ओढून किंवा लाथ मारून ‘जागेवर बसवण्याचा’ प्रश्नच उद्भवत नाही.

‘गॅप’ची गोष्ट तर अगदी उलटी आहे. वय वाढते तसे चकतीतील पाणी कमी होते, तिची जाडी घटते आणि दोन मणक्यांमधील अंतर कमी होते. म्हणजे गॅप पडत नाही, असलेला गॅप कमी होतो. हा बहुतेकांच्या बाबतीत केस पिकण्यासारखा वयाचा भाग असतो. कंबर कधीही न दुखलेल्या माणसांचे एमआरआय व सीटी स्कॅन अभ्यासून २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांत आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत दिसली होती. तेव्हा अहवालात ‘झीज’, ‘फुगवटा’ असे शब्द वाचून धास्ती घेऊ नये. अहवालातले सगळेच दुखणारे नसते.

कंबरेच्या मणक्यांमधून निघणारे मज्जातंतू एकत्र येऊन शरीरातील सर्वांत जाड आणि लांब मज्जातंतू तयार होतो. बोटाएवढा जाड असा हा तंतू कुल्ल्यातून मांडीच्या मागून खाली जातो आणि त्याच्या शाखा पावलापर्यंत पोचतात. त्याच्या मुळाशी चकतीचा दाब आला आणि तिथे सूज आली म्हणजे कंबरेपासून पायापर्यंत विजेसारखी कळ जाते, मुंग्या येतात, पोटरी किंवा अंगठा बधिर होतो, खोकले-शिंकले की चमक निघते. यालाच सायटिका म्हणतात. आयुर्वेदात त्याला गृध्रसी असे नाव आहे. लोक ‘शीर दबली’ म्हणतात, पण इथे शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे. चकतीमुळे असे होते हे बोस्टन येथील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली दाखवून दिले.

या सर्वांत दिलासा देणारी बाब अशी की, बाहेर आलेला गर बऱ्याच रुग्णांत शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते आणि मज्जातंतूभोवतीची सूज उतरते. याला आठवडे लागतात, कधी महिनेही लागतात. तोपर्यंतचा काळ सुसह्य करणे हेच विश्रांतीचे काम आहे.

पडून राहण्याचा सल्ला का मागे पडला?

एके काळी कंबरदुखीवर दोन ते सहा आठवडे सक्त अंथरुण हा जगभरचा ठरलेला उपचार होता. रुग्णालयात पायाला वजने बांधून रुग्णाला पडून ठेवीत. तर्क सरळ होता. हाड मोडले की हालचाल बंद करतात, मग कंबरेचीही बंद करावी. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात माणसाच्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. त्यात उताणे झोपल्यावर तो उभे राहण्याच्या मानाने सुमारे पावपट आणि पुढे वाकून वजन उचलताना कितीतरी जास्त आढळला. झोपण्याच्या सल्ल्याला यामुळे आणखी बळ मिळाले.

मग प्रत्यक्ष रुग्णांवर तुलना झाली. अमेरिकेत टेक्सास राज्यात १९८६ साली २०३ रुग्णांपैकी काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहण्यास सांगितले. बरे होण्यात फरक पडला नाही, मात्र दोन दिवसवाल्यांचे कामावरचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी झाले. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर असाच अभ्यास झाला. काहींना दोन दिवस अंथरुण, काहींना पाठीचे व्यायाम आणि काहींना ‘दुखणे सोसवेल तेवढी नेहमीची कामे करा’ असे सांगितले. सर्वांत लवकर बरे झाले ते नेहमीची कामे करणारे.

‘ती साधी कंबरदुखी असेल, पायात कळ जाणाऱ्याचे काय?’ असे कोणी म्हणेल. त्याचेही उत्तर १९९९ साली नेदरलँड्समधून आले. सायटिकाच्या १८३ रुग्णांपैकी निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणावर ठेवले, निम्म्यांना नेहमीसारखे वागू दिले. दोन आठवड्यांनी पहिल्या गटात ७० टक्के आणि दुसऱ्या गटात ६५ टक्के रुग्णांना बरे वाटत होते. हा फरक नगण्य होता. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत आकडा सारखाच, ८७ टक्के होता. म्हणजे अंथरुणाने नुकसान फारसे झाले नाही, पण दोन आठवडे पडून राहून मिळवलेही काही नाही.

असे का व्हावे? पडून राहिले की पाठीचे व पोटाचे स्नायू काही दिवसांतच अशक्त होऊ लागतात, सांधे आखडतात, शौचाला घट्ट होते आणि कुंथताना पुन्हा कळ निघते. चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. भार पडणे आणि उतरणे यातूनच तिच्यात पाणी व पोषण आत-बाहेर होते. शिवाय दिवसभर आढ्याकडे पाहत पडलेल्या माणसाचे सगळे लक्ष दुखण्यावर असते. आता कायमचे अपंगत्व येणार ही भीती तिथेच घर करते.

म्हणून सल्ला असा की, दुखणे असह्य असेल तर पहिले एक-दोन दिवस जास्त वेळ पडावे. तेही सलग नव्हे. तास-दीड तासाने उठून घरात चार फेऱ्या माराव्यात. तिसऱ्या दिवसापासून जमेल तशी हालचाल वाढवावी. हालचाल करताना थोडे दुखले म्हणजे काही तुटले असा अर्थ नसतो.

घरी थांबू नये अशी लक्षणे

विश्रांतीचे पुढचे प्रकार सांगण्याआधी हे वाचावे, कारण इथे चूक महागात पडते. सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर झाला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, तर मणक्याच्या खालच्या टोकाकडील सर्व मज्जातंतू एकदम दाबले गेले आहेत असे समजावे. ही तातडीची अवस्था आहे. सकाळची वाट न पाहता, रात्री असेल तर रात्रीच, एमआरआय व मणक्याची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात जावे. उशीर झाला तर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. संकोचामुळे, विशेषतः स्त्रिया, हे सांगतच नाहीत. घरच्यांनी विचारावे.

पाऊल लुळे पडून चप्पल पायातून निसटू लागली, किंवा पायाची ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल, तरीही लगेच दाखवावे. संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरते, रात्री कोणत्याही कुशीवर दुखणे थांबत नाही, अशी तक्रार असेल तर मणक्याचा क्षयरोग मनात आणला पाहिजे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत आणि हा रोग फुप्फुसाप्रमाणे मणक्यालाही होतो. सरकारी दवाखान्यात त्याची औषधे मोफत मिळतात. पूर्वी कर्करोग झालेला असणे, झाडावरून किंवा गच्चीवरून पडणे, वयस्क बाईला नुसते वाकल्याने एकाएकी पाठीत असह्य दुखू लागणे, ही कारणेही तपासणीची आहेत.

पायाची प्रत्येक जळजळ कंबरेतून येत नाही हेही सांगितले पाहिजे. दोन्ही तळपायांची आग होत असेल तर आधी रक्तातील साखर तपासावी. मधुमेहाने मज्जातंतू खराब होतात, आणि शाकाहारी माणसांत बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही असे होते. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन दोन-तीन दिवसांनी तिथे फोड उठले तर ती नागीण होय.

अंग सैल सोडण्याची विद्या

आता मुख्य विषयाकडे येऊ. दुखऱ्या भागाभोवतीचे स्नायू आपोआप आवळतात. शरीराची ही संरक्षणाची रीत आहे. पण आवळलेला स्नायू स्वतःच दुखू लागतो, त्या दुखण्याने तो आणखी आवळतो. भर पडते ती काळजीची. मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, पावसाने दिलेली ओढ यांचा कंबरेशी काय संबंध असे वाटेल, पण चिंतेत असलेल्या माणसाचे खांदे, जबडा आणि पाठ ताठलेली असते हे कोणालाही निरखून पाहता येईल. पलंगावर आठ तास पडलेला माणूसही आतून असा ताठलेला असू शकतो. त्याला पडणे मिळाले, विश्रांती मिळाली नाही.

स्नायू सैल सोडणे ही शिकावी लागणारी गोष्ट आहे असे शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी सांगितले. १९२९ साली त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. त्यांची कल्पना सोपी होती. ताण म्हणजे काय हे ज्याला जाणवत नाही त्याला तो सोडताही येत नाही. म्हणून आधी स्नायू मुद्दाम आवळायचा, तो ताण ओळखायचा आणि मग सोडायचा. आपल्याकडे शवासन फार पूर्वीपासून आहेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन शिकवून १९६९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले होते. तो अभ्यास कंबरेचा नव्हता, पण अंग सैल सोडल्याने शरीरात मोजता येण्यासारखा फरक पडतो हे त्यातून दिसले. या दोन्ही पद्धतींचा मेळ घालून कंबरदुखीच्या रुग्णाला पुढीलप्रमाणे करता येईल.

जमिनीवर सतरंजी आणि वर एक गोधडी अंथरावी. उताणे पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवाव्यात, म्हणजे गुडघे काटकोनात वाकतात. खुर्ची नसेल तर गुडघ्यांखाली दोन-तीन गोधड्यांची जाड वळकटी घ्यावी. पाय सरळ ताठ ठेवून उताणे पडले की मज्जातंतू ताणला जातो. पायात कळ असणाऱ्यांना म्हणूनच शवासन नेहमीच्या पद्धतीने जमत नाही आणि ‘मला शवासन सोसत नाही’ असे ते सांगतात. गुडघे वाकवले की सोसते. डोक्याखाली पातळ उशी चालेल.

एक हात पोटावर ठेवून श्वास घ्यावा. हात वर उचलला गेला पाहिजे, छाती नव्हे. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावावा. असे आठ-दहा श्वास झाल्यावर उजव्या हाताची मूठ आवळावी, फार जोर न लावता. मनात पाच आकडे मोजावेत आणि मूठ एकदम सैल सोडावी. सोडल्यावर पंधरा आकडे मोजेपर्यंत बोटांत काय वाटते तिकडे लक्ष द्यावे. उबदार वाटेल, जड वाटेल, किंवा काहीच वाटणार नाही, तरी चालेल. मग डावी मूठ. नंतर खांदे कानांकडे उचलून सोडणे, दात एकमेकांवर दाबून जबडा सोडणे, कपाळाला आठ्या घालून सोडणे, पोट किंचित आत ओढून सोडणे, दोन्ही कुल्ले हलके आवळून सोडणे, हा क्रम. जबडा आणि कुल्ले यांत ताण साठून असतो याची कित्येकांना पहिल्यांदाच जाणीव होते.

दुखऱ्या पायाचे स्नायू मात्र आवळू नयेत, पोटरीत गोळा येण्याची भीती असते. त्या पायाला फक्त मनाने सैल सोडावे. पाठही मुद्दाम ताणू नये. शेवटी पाच मिनिटे काहीही न करता श्वासाकडे लक्ष ठेवून पडावे. मध्येच मन बाजारहाटाकडे किंवा कोर्टाच्या तारखेकडे जाईलच. ते गेले म्हणून स्वतःवर चिडण्याचे कारण नाही, पुन्हा श्वासाकडे वळावे. एकंदर वीस मिनिटे पुरतात. दिवसातून दोनदा करावे, एकदा दुपारी आणि एकदा झोपण्याआधी. पहिल्या आठवड्यात फारसा उपयोग जाणवत नाही. बहुतेक जण तिथेच सोडून देतात. दोन-तीन आठवडे नेटाने करणाऱ्याला फरक कळतो. निदान झोप लवकर लागू लागते.

उठताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या आधाराने उठावे.

एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. आपल्या घरांत सुनेने दुपारी वीस मिनिटे आडवे होणे अजूनही कित्येकांच्या डोळ्यांत खुपते. ओट्यापाशी उभे राहणे, वाकून झाडणे, पाण्याच्या कळश्या आणि कडेवरचे मूल, हे सर्व तिच्या कंबरेवर येते. तिला ही वीस मिनिटे मागावी लागू नयेत. सासूबाईंनी आणि नवऱ्याने हा परिच्छेद वाचावा अशी विनंती आहे.

रात्रीची झोप

दुखण्यामुळे झोप लागत नाही हे सर्वांना माहीत आहे. झोप न लागल्याने दुखणे वाढते, हे तितके ठाऊक नसते. अगदी निरोगी माणसांना मुद्दाम जागे ठेवून केलेल्या प्रयोगांत त्यांची वेदना सोसण्याची क्षमता कमी झालेली आढळली आहे. म्हणून कंबरेच्या रुग्णाने झोपेकडे औषधाइतकेच लक्ष द्यावे.

अंथरुण कसे असावे? कडक फळीचा आग्रह अजून चालतो. स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांना दोन प्रकारच्या गाद्या देऊन केलेला अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम घट्ट गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. म्हणजे खोलगट झालेली बाज किंवा झोळ आलेला पलंग वाईट, आणि उघडी फळीही नको. गाठी झालेली कापसाची गादी पिंजून नीट भरून घेतली तर ती उत्तम काम देते. त्यासाठी हजारो रुपयांच्या ‘खास मणक्याच्या’ गादीच्या जाहिरातीला भुलायला नको. जमिनीवर झोपण्याची सवय असेल तर खाली दोन गोधड्या घ्याव्यात. मात्र जमिनीवरून उठताना कळ निघत असेल तर काही दिवस पलंग बरा.

कुशीवर झोपणाऱ्याने दोन्ही गुडघे थोडे वाकवून त्यांच्यामध्ये उशी घ्यावी. उशी नसली तर वरचा पाय पुढे घसरतो आणि कंबरेला पीळ पडतो. पायात कळ असेल तर बहुधा दुखरा पाय वरच्या बाजूला ठेवल्याने बरे वाटते. उताणे झोपणाऱ्याने गुडघ्यांखाली वळकटी घ्यावी. पालथे झोपण्याची सवय सुटतच नसेल तर पोटाखाली पातळ उशी घेऊन कंबरेची कमान कमी करावी. यात एकच एक योग्य स्थिती नाही. ज्या स्थितीत पायातली कळ वर कंबरेकडे सरकते किंवा कमी होते, ती आपली.

साठीच्या पुढच्या काही रुग्णांचे दुखणे जरा वेगळे असते. चालू लागले की दोन्ही पाय भरून येतात आणि पुढे वाकून किंवा पारावर बसले की मोकळे वाटते. असे गृहस्थ बाजारापर्यंत चालू शकत नाहीत, पण सायकलवर वाकून आरामात जातात! यात मज्जातंतूंचा मार्ग अरुंद झालेला असतो. त्यांनी कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपावे.

संध्याकाळनंतर चहा टाळावा. तंबाखूही टाळावी, त्यातील निकोटिन झोप उडवते. झोपण्याची आणि उठण्याची वेळ रोज तीच ठेवावी. दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त डुलकी घेतली की रात्रीची झोप तुटते. मोबाईल उशाशी नको. रात्री कळेने जाग आली तर घड्याळ पाहू नये. कूस बदलून वर सांगितलेला श्वास सुरू करावा, आणि वीस-पंचवीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून घरात थोडे चालावे. काहींच्या बाबतीत वेदनाशामक गोळीची वेळ रात्रीकडे सरकवल्याने भागते. ती वेळ आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावी.

सकाळी उठल्याबरोबर कंबर ताठ का असते, याचेही कारण झोपेत आहे. रात्रभर भार उतरल्याने चकती पाणी शोषून फुगते. सकाळी आपली उंचीही त्यामुळे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने जास्त भरते. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर वाकून झाडणे, बादली उचलणे, धार काढायला उकिडवे बसणे टाळता आले तर टाळावे. निदान आधी थोडे चालून मगच वाकावे.

शेक, तेल आणि गोळ्या

शेकाने स्नायू सैल पडतात, जरूर घ्यावा. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी किंवा निर्गुंडीचा पाला, जे घरात असेल ते चालेल. पंधरा-वीस मिनिटे पुरे. पण पाय बधिर असेल किंवा मधुमेह असेल तर पायाला शेक देऊ नये. चटका कळत नाही आणि जखम होते. तापलेल्या विटेने पाय भाजलेले रुग्ण पाहायला मिळतात. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, मात्र पाठीवर पाय देऊन चोळून घेणे बंद करावे. पट्टा प्रवासात किंवा कामाच्या वेळी काही दिवस वापरावा, चोवीस तास नको.

वेदनाशामक गोळ्या दुकानातून मागून महिनोन् महिने खाण्याने जठरात व्रण होतो आणि मूत्रपिंड बिघडते. मज्जातंतूच्या दुखण्यासाठी म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या प्रीगाबालिन या गोळीचा २०१७ साली ऑस्ट्रेलियातील अभ्यासात सायटिकावर नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसला नाही, चक्कर मात्र आली. एका दिवसात जादूसारखा गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. त्या घेऊ नयेत.

शस्त्रक्रियेचे काय? नेदरलँड्समध्ये २००७ साली तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर तुलना झाली. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पायाची कळ लवकर थांबली. पण वर्षानंतर दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र नंतर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे धोक्याचे लक्षण नसेल तर दीड-दोन महिने वाट पाहण्यात काही गमावत नाही, आणि तरीही कळ असह्य राहिली तर शस्त्रक्रियेला घाबरण्याचेही कारण नाही.

कामावर परतताना

पूर्ण बरे वाटेपर्यंत कामावर न जाणे हा हट्ट नको. ऊसतोडणी, पोती उचलणे, दिवसभर ट्रॅक्टरच्या धक्क्यांवर बसणे ही कामे पहिले काही आठवडे टाळावीत किंवा वाटून घ्यावीत. कांदा खुरपताना, शिलाई मशीनवर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर बसताना अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहून दोन मिनिटे फिरावे. वजन उचलायचेच असेल तर ते अंगाशी धरावे.

एकदा बरी झालेली कंबर पुन्हा धरते, असा अनेकांचा अनुभव आहे. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुकत्याच बऱ्या झालेल्या लोकांपैकी काहींना चालण्याचा क्रम आखून दिला. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे चालणे हे ध्येय होते. न चालणाऱ्या गटात निम्म्या लोकांची कंबर ११२ दिवसांच्या आत पुन्हा दुखली. चालणाऱ्यांच्या गटात हाच काळ २०८ दिवसांवर गेला. सुरुवात दहा मिनिटांपासून करावी, सपाट रस्त्यावर, पायात धड चप्पल किंवा बूट घालून. पायात कळ सुरू झाली तर थांबून थोडे बसावे आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच अंतर पुन्हा चालावे.